परदेशातल्या नरसंहाराविरुद्ध नागपुरातून काम कसं उभं करावं

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला युद्ध पेटलं तेव्हा भारताने 'ऑपरेशन कावेरी' राबवून आपले नागरिक पोर्ट सुदान आणि जेद्दामार्गे परत आणले. आपली माणसं घरी पोचली आणि आपल्याकडची चर्चाही तिथेच थांबली. सुदानी माणसांवरचं संकट मात्र वाढतच गेलं. एक कोटीहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर भागातल्या झमझम छावणीत अन्नदुष्काळ असल्याचं जाहीर झालं. जवळपास दीड वर्षाच्या वेढ्यानंतर २६ ऑक्टोबर २०२५ ला अल-फाशेर शहर 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' म्हणजे आरएसएफ या निमलष्करी दलाच्या ताब्यात गेलं. पाठोपाठ झालेल्या सामूहिक हत्यांच्या खुणा उपग्रहचित्रांतही दिसू लागल्या.

हे वाचून झोप उडालेले विद्यार्थी नागपुरातल्या प्रत्येक कॉलेजात चार-दोन तरी असतात. त्यांनी एकत्र येऊन नेमकं काय करावं, कोणत्या क्रमाने करावं आणि काम कुठे अडतं, ते इथे लिहिलं आहे. उदाहरण सुदानचं घेतलं आहे. पद्धत रोहिंग्या, गाझा, काँगो किंवा अन्य कुठल्याही संकटाला लागू पडते. मात्र एका वेळी एकच संकट हाती घ्या. पाच देशांचे झेंडे एका फलकावर आले की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

मागणी आधी, फलक नंतर

बहुतेक गटांची सुरुवात मेणबत्ती मोर्चाने होते आणि तिसऱ्या आठवड्यात गट विरघळतो. उत्साह कमी पडला असं सगळे म्हणतात. खरं कारण वेगळं असतं: मागणी कोणाकडेच केलेली नसते. 'युद्ध थांबवा' ही मागणी एकमेकांशी लढणाऱ्या दोघांकडे, म्हणजे सुदानच्या सैन्याचे प्रमुख जनरल बुरहान आणि आरएसएफचा प्रमुख हेमेद्ती यांच्याकडे आहे, आणि ते दोघं संविधान चौकातला फलक वाचणार नाहीत. म्हणून पहिल्या बैठकीत एकच प्रश्न फळ्यावर लिहा: आपण पायी, बसने किंवा फार तर रेल्वेने ज्याच्यापर्यंत पोचू शकतो असा कोणता माणूस 'हो' म्हणाला तर सुदानी माणसाच्या आयुष्यात फरक पडेल?

उत्तरं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त निघतात. सगळ्यात जवळचं दार विद्यापीठाचं. खार्टूममधल्या विद्यापीठांच्या इमारती आणि दप्तरं लढाईत सापडली; तिथल्या अनेक विद्यार्थ्यांना मूळ गुणपत्रिका मिळवणं अवघड झालं आहे. भारतात शिकणाऱ्या सुदानी मुलांचा घरून येणारा पैसा आटला. अशा विद्यार्थ्यांना तात्पुरत्या कागदपत्रांवर प्रवेश द्यावा, शुल्क हप्त्यांनी घ्यावं, वसतिगृहाची थकबाकी असली तरी परीक्षेला बसू द्यावं, हे कुलगुरू, कुलसचिव किंवा प्राचार्य यांच्या पातळीवर पुढे सरकू शकतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असो, वारंग्याचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ असो की तुमचं स्वतःचं कॉलेज, निवेदन नेमक्या अधिकाऱ्याच्या नावे जायला हवं.

त्या आधी परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या कक्षात जाऊन विचारा की अडचण खरंच आहे का आणि कोणती. तुमच्या संस्थेत एकही सुदानी विद्यार्थी नसेल तर ही मागणी सोडून द्या आणि पुढच्या दाराकडे वळा.

पुढचं दार खासदारांचं. आमदार सहज भेटतात म्हणून लोक त्यांच्याकडेच जातात, पण परराष्ट्र धोरण विधानसभेच्या कक्षेत येत नाही. खासदारांमध्येही एक व्यावहारिक मुद्दा आहे. नागपूरचे खासदार नितीन गडकरी २०१४ पासून केंद्रात मंत्री आहेत आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. त्यांना परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवण्यासाठी निवेदन द्या; प्रश्नासाठी रामटेक, वर्धा, भंडारा-गोंदिया यांचे खासदार आणि राज्यसभा सदस्य यांच्याकडे जा.

खासदाराला 'सुदानचा विषय मांडा' असं सांगून काही होत नाही. तयार प्रश्न हातात द्या. लोकसभेच्या प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि १५ दिवसांची पूर्वसूचना लागते. प्रश्न माहिती मागणारा असावा. मत विचारणारा प्रश्न नियमात बसत नाही. नमुना असा: 'एप्रिल २०२३ पासून सुदानमधल्या संघर्षग्रस्तांसाठी भारताने दिलेल्या मानवतावादी मदतीचा वर्षनिहाय तपशील काय, ती कोणत्या संस्थांमार्फत पोचवली, सुदानी विद्यार्थ्यांना या काळात किती शिष्यवृत्त्या दिल्या?' हा परराष्ट्र मंत्रालयाचा प्रश्न झाला. व्हिसाची मुदतवाढ गृहमंत्रालयाकडे येते, म्हणून तो भाग वेगळ्या प्रश्नात घाला. दोन मंत्रालयं एकाच प्रश्नात मिसळली की प्रश्न इकडून तिकडे फिरतो आणि अधिवेशन संपतं.

खासदाराकडे जाताना एक पानी पत्र, दोन जोडपत्रं आणि हा प्रश्न एवढंच न्या. अधिवेशन सुरू होण्याच्या निदान पाच आठवडे आधी जा. भेट झाली नाही तर स्वीय सहायकाकडून पोच घ्या, नाव आणि तारीख वहीत लिहा, दहा दिवसांनी फोन करा. लेखी उत्तर मिळालं की ते संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतं आणि तुमचं पुढचं प्रत्येक पत्र त्या उत्तराचा क्रमांक देऊन सुरू करता येतं. इतक्या लांबून सरकारकडून मिळणाऱ्या गोष्टींमध्ये याच्याइतकी टिकाऊ दुसरी नाही, म्हणून त्यावर वेळ घालवायला कचरू नका.

खासदार मिळालाच नाही तर माहिती अधिकार आहे. केंद्रीय मंत्रालयांना ऑनलाइन अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये, मजकुराची मर्यादा ३,००० अक्षरं, उत्तराची मुदत ३० दिवस. कलम ८(१)(अ) खाली परराष्ट्र संबंधांना बाधा येईल अशी माहिती नाकारता येते. म्हणून 'भारताने अमुक ठरावावर तटस्थ का राहायचं ठरवलं' असं विचारू नका, नकार ठरलेला. किती टन साहित्य गेलं, कोणत्या तारखेला गेलं, किती शिष्यवृत्त्या दिल्या, असे मोजता येणारे मुद्दे विचारा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा.

मागणी ठरली की ती पंचवीस शब्दांत लिहून भिंतीवर लावा: कोणी, काय, कधीपर्यंत. त्या वाक्याशी संबंध नसलेला कार्यक्रम सुचला तर तो कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवा.

सहा आठवडे अभ्यास

पहिलं सार्वजनिक पाऊल टाकण्याआधी सहा आठवडे वाचन करा. आठवड्याला दोन तास, आठ-दहा जण पुरेत. एकाने २००३ पासूनचं दारफुर घ्यावं: तेव्हाचे जंजावीद, म्हणजे सरकारच्या पाठबळावर लढलेल्या सशस्त्र टोळ्या, आणि आजची आरएसएफ यांचा थेट संबंध समजल्याशिवाय आजचं युद्ध कळत नाही. दुसऱ्याने २०१९ चं जनआंदोलन आणि राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीरची सत्ता जाणं, तिसऱ्याने २०२३ मध्ये अल-जिनैना शहरात मसालित समाजावर झालेले हल्ले, चौथ्याने शस्त्रं आणि सोन्याचा व्यापार. भारताचा संबंधही एकाने शोधावा. ओएनजीसी विदेशने २००३ मध्ये सुदानच्या ग्रेटर नाईल तेल प्रकल्पात २५ टक्के हिस्सा घेतला होता, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून भारतीय तुकड्या दक्षिण सुदान आणि अब्येई भागात गेल्या आहेत, आणि शीतपेयांत व औषधांत लागणाऱ्या बाभळीच्या डिंकाचा जगातला मोठा वाटा सुदानमधून येतो. 'आपला काय संबंध' या प्रश्नाला ही ठोस उत्तरं आहेत.

आकड्यांबाबत एक नियम पाळा: संस्था, तारीख आणि मोजण्याची पद्धत माहीत नसलेला आकडा छापायचा नाही. विस्थापितांची संख्या स्थलांतरविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेकडून घ्या, शेजारी देशांत गेलेल्या निर्वासितांची यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडून, अन्नाच्या स्थितीची आयपीसी या अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून. त्या वर्गीकरणात पाचवी पायरी म्हणजे अन्नदुष्काळ, आणि ती जाहीर करायला तीन कसोट्या आहेत: निदान २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्के मुलांमध्ये तीव्र कुपोषण, आणि दर १०,००० लोकांमागे रोज दोन मृत्यू. ही पातळी गाठेपर्यंत कितीतरी माणसं आधीच गेलेली असतात, हे श्रोत्यांना सांगा. मृतांच्या आकड्यांत अंदाजांची दरी मोठी आहे. एकच आकडा निवडून तो फलकावर रंगवण्यापेक्षा 'अंदाज इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं लिहिलेलं बरं. एक चुकीचा आकडा सापडला की विरोध करणारा माणूस बाकीचं सगळंच खोटं म्हणून मोकळा होतो.

फोटोंचंही तसंच. व्हॉट्सअॅपवर आलेला प्रत्येक फोटो आधी गूगल लेन्समध्ये टाकून पाहा. २००४ चं दारफुर, सीरिया, येमेन इथले फोटो आजचे म्हणून सर्रास फिरतात. मूळ छायाचित्रकार, जागा, तारीख यांपैकी दोन गोष्टी तरी सापडल्या नाहीत तर फोटो वापरू नका. मृतदेह आणि उघडी-उपाशी मुलं दाखवू नका. त्या मुलाच्या आईने तो फोटो इथल्या कँटीनसमोर टांगायला परवानगी दिली असती का, एवढा विचार पुरे.

कायद्यातले शब्द जपून वापरा. युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि नरसंहार हे तीन वेगळे गुन्हे आहेत. नरसंहार सिद्ध व्हायला एखाद्या राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गटाला पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू दाखवावा लागतो. कोणी काय ठरवलं आहे ते नावानिशी लिहा: अमेरिकी सरकारने जानेवारी २०२५ मध्ये आरएसएफने नरसंहार केल्याचं जाहीर केलं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने बशीरविरुद्ध २०१० मध्ये नरसंहाराच्या आरोपावर वॉरंट काढलं. सुदानच्या सैन्यावरही बॉम्बहल्ले आणि मदत अडवण्याचे गंभीर आरोप आहेत. ते टाळलेत तर तुम्ही एका सैन्याचे प्रचारक ठरता.

भारत या फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही, त्यामुळे त्याच्या नावाने भारत सरकारकडे मागण्या करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा भक्कम आधार दुसरा आहे. १९४६ मध्ये नरसंहाराचा विषय संयुक्त राष्ट्रांत आणणारे तीन देश होते क्युबा, पनामा आणि भारत. ९ डिसेंबर १९४८ ला करार मंजूर झाला. भारताने त्यावर १९४९ मध्ये सही केली आणि १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली. कराराचं पहिलंच कलम नरसंहार रोखण्याची जबाबदारी घेतं. दिल्लीला जाणाऱ्या पत्राचा पहिला परिच्छेद इथून सुरू करा.

गट आणि वर्षाचं वेळापत्रक

गाभ्याचा गट आठ ते बारा जणांचा ठेवा. पत्रव्यवहार, अभ्यास, परवानग्या, हिशेब आणि समाजमाध्यमं अशी पाच कामं, प्रत्येक कामाला दोघं. एकाच्या परीक्षा आल्या की दुसरा सांभाळतो. विधी, समाजकार्य आणि मेडिकल अशा तीन ठिकाणचे विद्यार्थी एकत्र आले तर गट फार ताकदवान होतो: एकजण कायदा वाचतो, एकाला वस्तीत बोलता येतं, एकजण कुपोषण समजावून सांगतो. कोणत्याही पक्षाच्या विद्यार्थी संघटनेचे सदस्य गटात असू द्यात, पण पक्षाचा झेंडा आणि नाव नको. हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. नंतर ठरवायला गेलात तर भांडण होतं.

वेळापत्रक नागपूरच्या वर्षाशी जुळवा. जून-जुलैत प्रवेशांची धावपळ. ऑगस्ट-सप्टेंबर कामाचे सर्वात चांगले महिने, मधले गणपतीचे दिवस सोडून. ऑक्टोबरनंतर हिवाळी परीक्षा. जानेवारी-फेब्रुवारी पुन्हा चांगले. मार्चपासून परीक्षा आणि ऊन. एप्रिल-मे मध्ये दुपारी रस्त्यावर कार्यक्रम ठेवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं.

दोन तारखा मुद्दाम सांगायला हव्यात. ९ डिसेंबर हा नरसंहारातल्या बळींच्या स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस आणि १० डिसेंबर मानवी हक्क दिन. नेमकं त्याच सुमारास विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं. पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात, विधानभवनाच्या परिसरात मनाई आदेश असतात, यशवंत स्टेडियमपासून रोज मोर्चे निघतात. तुमच्या चाळीस जणांच्या निदर्शनाला त्या गर्दीत कोणी विचारणार नाही. पण राज्यभरातले पत्रकार त्याच आठवड्यात शहरात असतात. म्हणून त्या दिवसांत बंदिस्त सभागृहात व्याख्यान किंवा प्रदर्शन ठेवा आणि पत्रकारांना सकाळी अकराच्या आत बोलवा, सभागृहाचं कामकाज तापायच्या आधी.

दुसरी तारीख १५ एप्रिल, युद्ध सुरू झाल्याचा दिवस. आदल्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. संविधान चौक त्या काळात लोकांनी फुललेला असतो आणि तो दिवस त्याच लोकांचा आहे. तिथे जागा मागू नका. कॉलेजात संध्याकाळी सहानंतर तासाभराचं वाचन ठेवा.

प्रदर्शन, पोस्टकार्डं आणि रस्ता

रस्त्यावर उतरण्याआधी कॉलेजात प्रदर्शन करा; कमी खर्चात सर्वात जास्त लोकांशी बोलणं होतं. बारा फलक, दोन बाय तीन फुटांचे, प्रत्येकावर ऐंशी शब्दांच्या आत मराठी मजकूर. चार-पाच फुटांवरून वाचता यायला अक्षर ३० पॉइंटच्या खाली नको. पहिला फलक नकाशाचा, त्यात महाराष्ट्राचा आकार त्याच मापाने शेजारी काढा. शेवटचा फलक मागणीचा, आणि त्याच्या पुढ्यात टेबल. ग्रंथालयाच्या वाटेवर जागा मिळाली तर उत्तम. प्राचार्यांकडे पंधरा दिवस आधी अर्ज द्या, सोबत सगळ्या फलकांचा मजकूर जोडा. मजकूर न पाहता मिळालेली परवानगी आदल्या रात्री रद्द होऊ शकते, आणि तसं झालं की छपाईचे पैसे गेलेच.

टेबलावर पोस्टाची साधी कार्डं ठेवा. एका कार्डाची किंमत ५० पैसे. ५०० कार्डं २५० रुपयांत येतात, फक्त पोस्टात चार दिवस आधी सांगून ठेवा. छापील मजकूर चिकटवू नका. लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहाव्यात: मी कोण, काय मागतो, उत्तर कुठे पाठवावं. एका खासदाराच्या कार्यालयात शंभर हस्ताक्षरं आली तर ती नोंदवली जातात. फॉरवर्ड केलेल्या ई-मेलची कोणी मोजदादही करत नाही.

रस्त्यावरच्या निदर्शनासाठी अर्ज ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत जागा येते तिथे द्यायचा. चौकाच्या दोन बाजू दोन ठाण्यांत असू शकतात, म्हणून हद्द आधी विचारून घ्या. अर्जात तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक असेल की नाही, वाहतुकीला अडथळा होणार नाही याची हमी आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावं व फोन. निदान दहा दिवस आधी द्या, शिक्क्यासह पोच घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली त्या तारखांना मनाई आदेश लागू आहे का, ते तिथेच विचारा. आदेश मोडला तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. पासपोर्टसाठी आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा समोर येतो. हे प्रत्येक सहभागी विद्यार्थ्याला आधी स्पष्ट सांगा. घाबरवण्यासाठी नाही, त्याने समजून निर्णय घ्यावा म्हणून.

परदेशी विषयावरच्या निदर्शनांना परवानगी नाकारली जाते, असंही घडतं. मुंबईत २०२५ मध्ये गाझासंबंधीच्या निदर्शनाचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. नकार आला तर तो लेखी मागा आणि विधी शाखेच्या प्राध्यापकांना दाखवा. दरम्यान कार्यक्रम सभागृहात हलवा.

निदर्शनाच्या दिवशी दर दहा माणसांमागे एक स्वयंसेवक, ओळखीसाठी दंडावर एकाच रंगाची पट्टी. पोलिसांशी बोलणारा एकच. पत्रकारांशी बोलणारा दुसरा. घोषणा आधी लिहून, वाचून, मंजूर करून घ्या. कोणत्याही धर्माचं वा देशाचं नाव घेऊन शिवी येणारी घोषणा गर्दीतून उठली तर स्वयंसेवकाने तीस सेकंदांत मंजूर घोषणा सुरू करायची. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, तिथे ध्वनिक्षेपक नकोच. पाऊण तासात संपवा. संपल्यावर जागा झाडून घ्या.

पैसा: इथे सर्वात जास्त चुका होतात

नागपूरला या बाबतीत एक जुना वारसा आहे. जपानी आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनसाठी जुलै १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोसांच्या आवाहनावरून देशभर 'चीन दिन' पाळून सुमारे २२,००० रुपये जमवले गेले आणि पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि हे आज इथल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसतं. प्रदर्शनात एक फलक त्यांच्यासाठी राखून ठेवा.

आज मात्र विद्यार्थ्याच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर वर्गणी घेऊन ती परदेशात पाठवणं कायद्यात बसत नाही. तीन वेगवेगळे कायदे आड येतात. सार्वजनिक वर्गणीसाठी गणेश मंडळं जी परवानगी काढतात तीच, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क ची, धर्मादाय आयुक्त कार्यालयातून घ्यावी लागते. परदेशात रक्कम पाठवणं परकीय चलनाच्या कायद्याखाली येतं. व्यक्तीला स्वतःच्या पैशातून देणगी पाठवता येते, पण लोकांकडून गोळा केलेला पैसा एका मुलाच्या खात्यातून पाठवला की बँक प्रश्न विचारणार आणि ते बरोबरच आहे. तिसरा कायदा परदेशी अंशदानाचा. परदेशी नागरिकाने दिलेली रक्कम रुपयांत असली तरी ती परदेशी अंशदान ठरते. म्हणजे तुमच्या वर्गातल्या सुदानी मित्राने प्रेमाने डब्यात टाकलेले शंभर रुपयेही नोंदणी नसलेल्या गटाला घेता येत नाहीत. त्याला हे नीट समजावून सांगा, नाहीतर मदत नाकारल्याचं त्याला वाईट वाटतं.

यावर सोपा मार्ग म्हणजे गटाने पैसा हातातच घेऊ नये. जागतिक अन्न कार्यक्रमाचं 'शेअर द मील' अॅप किंवा यूएनएचसीआर यांच्याकडे देणाऱ्याने थेट द्यावं आणि गटाने फक्त संकल्पांची नोंद ठेवावी. फलकांचा आणि छपाईचा खर्च आपसात वर्गणी काढून करा, हिशेब दर महिन्याला सूचना फलकावर लावा.

कपडे, औषधं, धान्य गोळा करू नका. ट्रकभर कपडे पोर्ट सुदानपर्यंत न्यायचं भाडं कपड्यांच्या किमतीहून जास्त होतं, आणि बंदरात पडून राहिलेला माल खऱ्या मदतीची जागा अडवतो. औषधांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे नियम स्पष्ट आहेत: पोचताना निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. घराघरांतून आणलेल्या अर्धवट स्ट्रिप्स त्यात बसत नाहीत. सुदानमध्ये आज सर्वात आतपर्यंत पोचणारी मदत तिथल्याच तरुण स्वयंसेवकांच्या 'आपत्कालीन प्रतिसाद कक्षां'ची आहे. मोहल्ल्यामोहल्ल्यात सामुदायिक स्वयंपाकघरं चालवणाऱ्या या जाळ्याला मानवी हक्कांच्या कामासाठी दिला जाणारा राफ्टो पुरस्कार २०२५ मध्ये मिळाला. त्यांच्यातले बरेचजण तुमच्याच वयाचे आहेत. त्यांच्या कामाची माहिती प्रदर्शनात ठळक द्या, म्हणजे सुदानी माणूस केवळ हात पसरलेला दिसणार नाही.

ज्यांच्याबद्दल बोलतो त्यांची सुरक्षितता

पुण्यात आणि हैदराबादेत सुदानी विद्यार्थ्यांचा समाज बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यांना बोलवा, पण रस्त्यावर नको. २०१९-२० मध्ये आंदोलनांत दिसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना देश सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या होत्या. व्हिसावर असलेल्या मित्राला निदर्शनात उभं करणं म्हणजे त्याचं शिक्षण पणाला लावणं. बंद सभागृहात, त्याने निवडलेल्या विषयावर, प्रश्न आधी दाखवून त्याला बोलू द्या. रेकॉर्डिंग करायचं का, नाव सांगायचं का, फोटो घ्यायचा का, हे तिन्ही वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तीन वेळा विचारायचे. त्याचे नातेवाईक अजून दारफुरमध्ये असतील तर इथला एक फोटो तिथे त्यांच्या अंगाशी येऊ शकतो. 'तुझ्या डोळ्यांसमोर काय झालं' असं कोणी श्रोत्याने विचारलं तर सूत्रसंचालकाने तो प्रश्न थांबवावा. प्रवासखर्च आणि जेवण गटाने द्यायचं.

आपल्या भागातही उठून आलेल्या माणसांच्या वस्त्या आहेत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावजवळ तिबेटी वसाहत आहे, गडचिरोली जिल्ह्यात पूर्व बंगालमधून आलेली बंगाली गावं आहेत. तिथल्या वडीलधाऱ्यांना एका कार्यक्रमासाठी विनंती करून पाहा. घर सुटणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून ऐकलेलं नागपूरच्या श्रोत्याला दूरचं वाटत नाही.

अभ्यास करणाऱ्यांच्या मनावरही ताण येतो. हत्यांचे व्हिडिओ तपासण्याचं काम एकाच माणसाकडे सलग देऊ नका, आवाज बंद करून पाहा, रात्री पाहू नका. झोप जात असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येतं.

'इथले प्रश्न संपले का?'

हा प्रश्न प्रत्येक टेबलावर येणार. विदर्भात शेतकरी आत्महत्या करत असताना तुम्हाला सुदान सुचतं कसं, असं विचारणारा माणूस बऱ्याचदा मनापासून विचारत असतो. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला सांगा की प्रश्न योग्य आहे, आणि आपल्या गटातले कोण इथल्या कोणत्या कामात आहेत तेही सांगा. असं कोणीच नसेल तर ती गटाची खरीच उणीव आहे. ती भरून काढा. मग दुसरी बाजू मांडा: १९४६ मध्ये स्वतः स्वतंत्र नसलेल्या भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध व्यापार तोडला होता, आणि तेव्हा इथली भूक आजच्याहून कितीतरी मोठी होती.

दुसरा आक्षेप धर्माचा. अमुक लोकांसाठी बोलता, तमुक लोकांसाठी का नाही? सुदानमध्ये मारणारे आणि मरणारे दोन्ही बहुतांशी मुस्लिम आहेत. अल-जिनैनात लोकांना मसालित म्हणून वेचून मारलं गेलं. ही वस्तुस्थिती शांतपणे सांगितली की बहुतेकदा चर्चा पुन्हा माणसांवर येते.

पुढच्या तुकडीकडे सोपवताना

दारफुरचं प्रकरण सुरक्षा परिषदेने मार्च २००५ मध्ये फौजदारी न्यायालयाकडे पाठवलं. २००३-०४ मधल्या अत्याचारांसाठी जंजावीद नेता अली कुशैब दोषी ठरला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्या काळात अमेरिकेतल्या ज्या विद्यार्थ्यांच्या मागणीमुळे हार्वर्डने २००५ मध्ये सुदानच्या तेलाशी जोडलेल्या पेट्रोचायना या चिनी कंपनीतली गुंतवणूक काढून घेतली, ते आज चाळिशीत आहेत. पदवीची तीन वर्षं या हिशेबात फार थोडी, म्हणून गट तुमच्या पदवीपेक्षा जास्त जगेल अशी व्यवस्था पहिल्याच वर्षी करा.

त्यासाठी एक जाड फाईल आणि तिची एक डिजिटल प्रत ठेवा. पाठवलेली सगळी पत्रं पोचेसह, माहिती अधिकाराचे अर्ज आणि उत्तरं, संसदेतल्या उत्तरांचे क्रमांक, परवानग्यांच्या अर्जांचे नमुने, मदत करणाऱ्या प्राध्यापकांची आणि पत्रकारांची यादी, महिन्यांचा हिशेब. सुदानी मित्रांचे फोन आणि पत्ते या फाईलीत ठेवू नका. ते त्यांच्या परवानगीने एकाच व्यक्तीकडे राहावेत. फेब्रुवारीतच दुसऱ्या वर्षातले चार विद्यार्थी निवडून प्रत्येक कामाला जोडीने लावा, कारण मे महिन्यात शेवटच्या वर्षाचं कोणी सापडत नाही. जूनमध्ये खात्यांचे पासवर्ड बदला. उत्तर न आलेल्या पत्रांची यादी फाईलीच्या पहिल्या पानावर लावा, आणि नव्या गटाची पहिली बैठक त्या यादीतल्या सर्वात जुन्या पत्राचं स्मरणपत्र लिहिण्यासाठी बोलवा.